सयाजीचे पाय, माझं लायसन

सयाजी उतेकरावर मी ग्राहक आयोगात केस टाकली, हे आमच्या वाडीत अजून कुणी विसरलेलं नाही. विसरू नयेच. मी जिवंत आहे तोवर कुणाला विसरू देणार नाही.

आमची वरची वाडी पोलादपूरच्या डोंगरात. हायवे सोडून चढत आलं की सगळ्यात शेवटची घरं आमची, त्यापुढे रान. एसटी खालच्या फाट्यापर्यंत येते, तीही तिच्या मर्जीने. दहावीपर्यंतच्या शाळेत पोरं चालत जातात, अकरावीला मात्र पोलादपूर गाठावं लागतं. म्हणून आमच्याकडे पोरींचं शिक्षण दहावीला थांबतं. मग त्यांना मुंबईला कुणा काका-मामाकडे धाडतात. तिथे त्या चपात्या लाटतात, पोरं सांभाळतात, आणि इकडे आईबाप सांगत फिरतात की शिकायला पाठवलीय.

माझी समीक्षा दहावीला होती. तिचे बाबा, प्रवीण, मुंबईत एका कँटीनला कामाला. निकाल लागला की पोरीला मुंबईजवळ दिवा गावी आपल्या भावाकडे ठेवायची, असं त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. दिव्याची माझी जाऊ मी ओळखून आहे. तिच्या घरी पोरीच्या हातात पुस्तक कमी आणि झाडू जास्त असता. मी फोनवर स्पष्ट सांगितलं, पोर इथेच राहील, मी गाडी शिकेन आणि रोज कॉलेजला सोडीन. प्रवीण हसले. म्हणाले, "जूनपर्यंत शिकलीस तर र्‍हाऊ दे हितं. नायतर मी न्हेनार." मी म्हटलं, ठरलं.

गाडीचा प्रश्न नव्हता. माझा भाऊ राजेश महाडला एमआयडीसीत आहे. त्याने नवीन गाडी घेतली आणि जुनी ईको मला देऊन टाकली. राहिलं होतं फक्त शिकणं.

महाडात 'सारथी सम्राट मोटार ड्रायव्हिंग स्कूल' म्हणून आहे, ते सयाजीचं. सयाजी आमच्याच वाडीचा, आमच्याच भावकीतला, नात्याने माझा दीर. देवळाच्या जीर्णोद्धाराला त्याने लाद्या दिल्या, शिमग्याला पालखीचा पहिला खांदा त्याचा. दुसरीकडे कुठे जाणार? विश्वास पानिपतातच गेला असं लोक म्हणतात, ते मला तेव्हा आठवायला हवं होतं.

एमआयडीसीचा सरळ, रुंद, सपाट रस्ता. मी स्टेरिंगवर, सयाजी शेजारी, कोपर खिडकीबाहेर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही क्लच आणि ब्रेक असतो, का, तर शिकणारा घाबरला तर मास्तरने गाडी सांभाळावी. पण सयाजीचे पाय कधी त्यावरून उठलेच नाहीत. मी पाय ठेवायच्या आत माझ्याकडचं पेडल खाली गेलेलं असायचं. मला वाटायचं, पेडल असंच हलकं असतं.

"वैनी, तुमी फकस्त स्टेरिंग बगा. बाकीचा मी हाय ना," असं तो रोज म्हणायचा. आणि वर, "हात काय झकास बसलाय तुमचा!"

मी फुगले. एकदाही गाडी बंद पडली नाही. शिकाऊ माणसाची गाडी एकदाही बंद पडत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, पण त्याआधी मी कुठे गाडी शिकले होते, म्हणून मला कळावं? लायसनच्या टेस्टलाही गाडी त्याचीच आणि शेजारी तोच. आरटीओचे साहेब लांब उभे होते. तिथून त्यांना गाडी दिसत होती, गाडीतले पाय नाही.

लायसन आलं, मी देवापुढे ठेवलं, आणि त्याच आठवड्यात राजेशने फाट्यावर आणून ठेवलेली ईको वर घरी न्यायला निघाले. समीक्षा माझ्याबरोबर होती. आमच्या चढावर अर्ध्यात वळण आहे आणि वळणाला सहाण आहे. शिमग्यात पालखी बसते तो दगडी ओटा, त्याला आम्ही सहाण म्हणतो. सहाणेच्या थोडं वर गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. आमच्याकडे चढावर गाडी अडली की एकजण उतरून मागच्या चाकाला दगड लावतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. समीक्षा न सांगता उतरली, दगड उचलला आणि गाडीच्या मागे गेली.

मी क्लच दाबला आणि ब्रेकवरचा पाय काढला. सयाजीच्या गाडीत क्लच दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहायची. उभी राहायची, कारण ब्रेक त्याच्या पायाखाली असायचा. मी मात्र समजत होते की क्लचनेच गाडी थांबते. त्याने मला एवढंच शिकवलं होतं.

गाडी सरळ मागे सुटली.

"आये!" एवढं ऐकू आलं. मग दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज. गाडी सहाणेवर जाऊन अडली होती. मी उतरून बांधाकडे धावले. समीक्षा बांधाखाली नाचणीच्या रिकाम्या वाफ्यात पालथी पडलेली, गुडघा फुटलेला, पण जिवंत. तिने दगड टाकून उडी मारली होती. जरा उशीर झाला असता तर माझ्या हाताने माझी पोर गेली असती.

लोक जमले ते सहाण बघायला. कोपर्‍याचा एक चिरा निखळला होता. पोर गाडीमागे होती हे मी कुणाला सांगितलं नाही, पोरीलाही सांगू नको म्हटलं. प्रवीणच्या कानावर गेलं असतं तर गाडी विकली गेली असती आणि पोर दुसर्‍याच दिवशी दिव्याला.

एकाच माणसाला सांगितलं. दुसर्‍या दिवशी महाडला जाऊन, सयाजीच्या ऑफिसात, त्याच्या तोंडावर, ओरडून.

"माझी पोर चिरडली असती! काय शिकवलंत तुम्ही मला? पाय तुमचे चालत होते, माझे नाही!"

ऑफिसात दोघं-तिघं बसलेले होते. सयाजीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैनी, हळू. लायसन मिळाला ना तुमाला? मग माझा काम संपला."

"मला गाडी येत नाही."

"तर त्याला मी काय करू? सगळ्याच बायांना येतेच असा नाय. परत शिकायचा तर परत क्लास लावा." आणि बसलेल्यांना डोळा मारून म्हणाला, "बायांचा पाय चुलीपुढंच बरा."

ते हसले. मी तिथला पाण्याचा ग्लास उचलला होता, तो त्याच्या अंगावर टाकावा की नाही याचा विचार केला आणि खाली ठेवला. नुसत्या पाण्याने त्याला काय झालं असतं?

त्याच्या ऑफिससमोरच्या जिन्यावर वकिलांच्या पाट्या होत्या. त्यातली एक बाईची होती, म्हणून चढले. राजनंदिनी नावाची तरुण पोर, टेबलावर अर्धा वडापाव. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, फी घेऊन शिकवलं नाही तर ती सेवेतली त्रुटी झाली, ग्राहक आयोगात जाता येतं, आयोग अलिबागला आहे.

"काय मागायचं? नुकसानभरपाई?" तिने विचारलं.

"नको. मला गाडी शिकवा म्हणावं. चढावर. आणि तो शेजारी बसेल तेव्हा त्याचे पाय पेडलला लागता कामा नयेत."

तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "असं कुणी मागितलेलं मी ऐकलं नाही. पण मागू. फक्त एक आहे काकू, गाडीत तुम्ही दोघंच. पाय त्याचे होते हे सिद्ध कसं करणार? तो म्हणेल, मी शिकवलं, बाईच्या डोक्यात शिरलं नाही."

"माझ्याकडे पुरावा नाही."

"मग शोधा," ती म्हणाली. तक्रार मात्र तिने लिहिली, त्यात समीक्षाचंही लिहिलं.

सयाजीला नोटीस पोचली आणि वाडी पेटली.

आमच्या गावकीचा नियम असा की गावातलं भांडण आधी गावकीपुढे आणायचं. देवळात बसायचं, देवाला गार्‍हाणं घालायचं, पंच सांगतील ते ऐकायचं. परस्पर सरकारदारी गेलं की तो गावाचा अपमान. आणि गावकी म्हणजे नुसती इथली माणसं नाहीत. अर्धी वाडी मुंबईत, त्यांचं मंडळ आहे, मंडळाच्या मालकीच्या खोल्या आहेत. प्रवीण अशाच खोलीत इतर गाववाल्यांबरोबर राहतात. ट्रंक, वळकटी आणि झोपण्यापुरती जागा. ती जागा मंडळाने दिलेली, मंडळ कधीही काढून घेऊ शकतं.

देवळात बैठक बसली. बाया बैठकीत बसत नाहीत, म्हणून मी पायरीवर उभी, डोक्यावर पदर. नेहमीप्रमाणे खांबाला मोबाईल बांधला होता. मुंबईकर त्यात दिसत होते, प्रवीणही होते, एका कोपर्‍यात छोटंसं तोंड. कामावर असलेल्यांना नंतर बघता यावं म्हणून सगळी बैठक रेकॉर्ड करून गावाच्या ग्रुपवर टाकतात, ती आमच्याकडची रीतच झाली आहे.

मुरारीआबा गावकीचे अध्यक्ष. त्यांनी सुरुवात सहाणेपासून केली. चिरा कसा निखळला, देवाच्या बसायच्या जागेला बाईची गाडी कशी लागली, गावावर काय काय ओढवू शकतं, हे इतका वेळ चाललं की मला वाटलं गावात आजवर दुसरं काही मोडलंच नाही. मग माझ्याकडे वळले.

"काय गो वैशाली, गाव मेला होता काय? थेट अलिबागला गेलीस?"

"गावात ड्रायव्हिंग स्कूल नाही आबा. महाडला आहे. म्हणून सरकारकडे गेले."

"तोंड बघ, तोंड!" कुणीतरी म्हणालं.

सयाजी उठला. नोटिशीचा लखोटा त्याने हातात नाचवला. आतला कागद कुणाला वाचू दिला नाही. समीक्षाचं त्यात लिहिलेलं त्याला ठाऊक होतं. तो ते बोलला नाही. मीही बोलले नाही, कारण खांबाला प्रवीण होते.

"मी बायांना शिकवत नाय म्हनं!" सयाजी म्हणाला. "मंडळी, महाड तालुक्यात जावन इचारा. माझ्याकडं किती बाया शिकल्या. एकीला खरचटला नाय! एक गाडी ठोकली नाय! का?" त्याने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "कारन पाय माझे असतात! क्लच माझा, बिरेक माझा. बाई फकस्त स्टेरिंग धरते नि खूश व्हते. गाडी मी चालवतो! बायांच्या पायाखाली क्लच दिला असता तर आजपातूर अर्धा महाड सावित्री नदीत गेला असता!"

देऊळ हसून हसून हललं. मोबाईलमधले मुंबईकरही हसले. कुणी टाळ्या वाजवल्या.

मी कधी गप्प बसत नाही. माझी सासू तुळजाबाई म्हणते की माझ्या तोंडात देवाने जीभ नाही, कोयता घातलाय. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला आणि मी तोंड मिटून घेतलं. राजनंदिनीने मागितलं होतं ते सयाजीने भर देवळात, अख्ख्या गावापुढे, कॅमेर्‍यात बघून बोलून टाकलं होतं.

निकाल झाला. केस मागे घ्यायची, सहाण दुरुस्त करून द्यायची, देवाला नारळ द्यायचा. नाहीतर शिमग्याला पालखी आमच्या दारात येणार नाही, आणि प्रवीणच्या खोलीचं काय करायचं ते मंडळ बघेल.

"आबा," मी एवढंच विचारलं, "व्हिडिओ ग्रुपवर टाकणार ना?"

"टाकनार नाय तर? सगल्यांना कळू दे तुजी अक्कल."

अडचण एकच होती. गावाच्या ग्रुपमध्ये बायांना घेत नाहीत. आमच्या घरातून ग्रुपमध्ये होते ते फक्त प्रवीण.

मी फोन केला. "बैठकीचा व्हिडिओ मला पाठवा."

"कशाला?"

"सयाजीभावजी स्वतः कबूल झालेत. आयोगात द्यायचाय."

पलीकडून शिवी आली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला आईवरून शिवी दिली नव्हती, ती त्या दिवशी दिली. "मी झोपू कुठं? फुटपाथवर? तुला गाडी पायजे म्हनून मी गावातनं उठू? केस काड मागं. मे महिन्यात येतो नि पोरीला न्हेतो, विषय संपला." फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. परत लावला. मग मीही तोंडाला येईल ते बोलले, बंद फोनला.

शिमग्याला मुंबईकर आले तसे तेही आले. बोलत नव्हते. पालखीच्या दिवशी तुळजाबाईने तरीही अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट भरून ठेवलं. म्हणाली, "देव माणसावानी नसतो गो. येल." ढोल वाजत वर आला. शेजारच्या दारात पालखी नाचली, बायांनी ओट्या भरल्या. मग सयाजीने खांदा वळवला आणि पालखी आमच्या अंगणाच्या कडेने, रांगोळीला न शिवता, पुढच्या घरी गेली. ढोल थांबला नाही, उलट जोरात वाजवला. तुळजाबाई ताट धरून उभीच राहिली. माझा संताप असा होता की ते ताट घेऊन त्या ढोलावर आपटावं.

प्रवीण आत येऊन माझ्यावर तुटून पडले. "बगितलास? ह्या म्हातारीच्या जन्मात असा झाला नवता! एका चिर्‍यासाठी, एका मेल्या क्लचसाठी!"

"बाबा, चिरा नाय," समीक्षा म्हणाली.

ती चुलीपाशी उभी होती. मी डोळे वटारले, तरी थांबली नाही. परकर वर करून तिने गुडघा दाखवला. अजून लाल होता.

"गाडी सुटली तवा मी मागं व्हते. दगड लावत व्हते. उडी मारली म्हनून र्‍हायले. सयाजीकाकाला म्हाईत हाय. आईने त्याला सांगितलंय."

प्रवीण खाली बसले. बराच वेळ गुडघ्याकडेच बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत माझ्यासाठी माया नव्हती, मी उगाच कशाला सांगू? माझ्यापासून लपवलंस, हेच होतं. "देवळात त्याला ठावं व्हता?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"नि हसत व्हता."

"तुम्हीही हसत होता," मी म्हटलं. बोलायला नको होतं, पण खरं होतं.

ते दुसर्‍या दिवशी मुंबईला गेले. दोन दिवसांनी मी भाताचं आधण ठेवत होते तेव्हा मोबाईल वाजला. बैठकीचा व्हिडिओ. सोबत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

अलिबागला फार काही झालं नाही. सयाजी वकील घेऊन आला होता, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. त्याच्या वकिलाने लेखी दिलं होतं की संपूर्ण प्रशिक्षण विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नियंत्रणाखाली देण्यात आलं. राजनंदिनीने व्हिडिओ पुढे केला. त्या शांत खोलीत मांडीवरची थाप काय मोठी वाजली! 'गाडी मी चालवतो!' ऐकल्यावर त्याच्या वकिलाने सयाजीकडे असं बघितलं की मला त्या वकिलाचीच दया आली. मग दोन्ही बाजूंना तडजोड करता येते का बघा, असं सांगण्यात आलं. बाहेरच्या बाकावर वकील सयाजीला हळू आवाजात समजावत होता आणि सयाजी माझ्याकडे बघून दात खात होता. पैसे देऊन मोकळा व्हायची त्याची तयारी होती. मी म्हटलं, पैसे नकोत, मी मागितलंय तेच. शेवटी त्याने सही केली.

त्याच संध्याकाळी मंडळाने प्रवीणची ट्रंक आणि वळकटी खोलीबाहेर काढून ठेवली.

हायवेचा बोगदा झाल्यापासून कशेडीचा जुना घाट मोकळा असतो. शिकायला तोच ठरला. गाडी माझी ईको, शेजारी पेडलच नाहीत. तरी मी तडजोडीवर बोट ठेवलं, पाय खाली नकोत. मोठा सयाजी उतेकर सीटवर मांडी घालून बसला, पंगतीला बसावं तसा. त्याच्या हातात धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने दरवाजाचं हँडल धरलं.

पहिल्या चढाला गाडी मागे गेली. "बिरेक! बिरेक वैनी! मारताव काय!" तो किंचाळला. मी ब्रेक मारला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आता शिकवा," मी म्हटलं.

"हँडब्रेक वडा," तो घाम पुसत म्हणाला. "क्लच हळू सोडा. अजून. गाडी थरथरली? नाक उचलला तिनं? आता हँडब्रेक सोडा. घाबरू नका, ती धरते."

तिने धरली. सयाजीला शिकवता येत होतं. चांगलं शिकवता येत होतं, आणि ते कळल्यावर मला त्याचा आणखीच राग आला. मी विचारलं, "हे आधीच का नाही शिकवलंत?"

"असा शिकवत बसलो तर एक बाई महिनाभर गाडी अडवते," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "धंदा बसेल माझा."

"माझी पोर मेली असती."

"फुडं बगा," तो म्हणाला. पोरीबद्दल त्यानंतरही तो कधी काही बोलला नाही. शेवटच्या दिवशी मी त्याला कशेडीच्या चढावरून मागे न सरता वर नेलं, परत आणलं आणि पोलादपूरच्या स्टँडला उतरवलं. त्याने दार इतक्या जोरात आपटलं की काच खाली गेली. "गावात कशी र्‍हातेस बगतो," म्हणाला. वैनी म्हणायचं त्याने तेव्हापासून सोडलं.

समीक्षाचं नाव पोलादपूरच्या कॉलेजला घातलं. त्याच आठवड्यात वाडीतल्या आणखी पोरींच्या आया मागच्या दाराने आल्या. पुढच्या दाराने यायची अजून हिंमत नव्हती. आमचीबी घेशील काय गो, म्हणाल्या. घेते म्हटलं. त्यांच्या नवर्‍यांनी देवळात टाळ्या वाजवल्या होत्या, ते मी विसरले नव्हते, पण पोरींनी वाजवल्या नव्हत्या.

प्रवीण मधे चार दिवस घरी आले होते. माझ्याशी कामापुरतं बोलत होते. परत जायचा दिवस तोच पोरींच्या कॉलेजचा पहिला दिवस. मी म्हटलं, स्टँडपर्यंत सोडते, मग वर येऊन पोरींना नेते. ते माझ्या शेजारी बसले, पहिल्यांदाच. उतारावर, वळणावर, त्यांचे पाय खालच्या पत्र्यावर करकचून दाबले जात होते. तिथे काही नव्हतं, तरी दाबत होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं. हायवेला लागल्यावर ते सैल झाले.

स्टँडवर पिशवी घेऊन ते उतरले. मला वाटलं तसेच जातील. पण खिडकीपाशी थांबले.

"एक इचारू?"

"विचारा."

"खोली गेल्याला इतके दिस झाले. मी रातचा कुठं झोपतो, त्ये तू एकदाबी इचारला नायस."

नव्हतं विचारलं. फोनवर समीक्षाच्या अ‍ॅडमिशनचं बोलले होते, सयाजी कसा किंचाळला ते रंगवून सांगितलं होतं, माझं म्हणणं कसं खरं झालं ते सांगितलं होतं. तेवढंच विचारलं नव्हतं.

"कुठं झोपता?" मी विचारलं.

"कँटीनच्या वट्यावर. पाऊस लागला की आत, भट्टीपाशी." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "असू दे. जा आता, वर पोरी थांबल्या असतील. पयल्या दिवसापासना उशीर नको करू त्यांना."

आणि ते मुंबईच्या गाडीकडे चालायला लागले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून माझाच राग आला. पण वर पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या, आणि रडत गाडी चालवता येत नाही. मी पदराने तोंड पुसलं आणि गाडी वळवली.